पेनड्राइव्हसाठी रीस्टार्ट कशाला?

मालवणात अजून ऐकू येतं: लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर पेनड्राइव्ह लावला की मशीन रीस्टार्ट करा, तरच दिसतो. साफ चूक.

किनाऱ्याला होडी लागली की लिलावाची हाक जाते. गिऱ्हाईक दर पाच मिनिटांनी वाळू तुडवत नाही. लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचंही तसंच. यूएसबी हबवर नवं उपकरण आलं की तो नेटलिंक सॉकेटवर, म्हणजे कर्नल आणि प्रोग्रामांमधल्या निरोपांच्या वाटेवर, ‘यूईव्हेंट’ नावाचा निरोप सोडतो. कान देऊन बसलेला, उपकरणं सांभाळणारा प्रोग्राम यूडेव्ह परवानग्या आणि सोयीची नावं लावतो, मग बाकीच्या प्रोग्रामांना कळवतो.

टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘यूडेव्हएडीएम मॉनिटर’ (udevadm monitor) चालू ठेवून पेनड्राइव्ह खुपसा: आधी ‘कर्नल’च्या ओळी, मागोमाग ‘यूडेव्ह’च्या. एवढ्याशा पेनड्राइव्हला केवढी बडबड! तरीही फाइल्स दिसल्या नाहीत, तर बहुधा तो फक्त माउंट व्हायचा, म्हणजे एखाद्या फोल्डरला जोडला जायचा राहिलाय.