आठव्या महिन्यातला डावखुरेपणा

आठ महिन्यांचे बाळ खुळखुळ्याकडे प्रत्येक वेळी डावाच हात नेऊ लागले, की घरात ‘हा डावखुरा होणार’ असे कौतुकाने बोलले जाते. बालरोगतज्ज्ञ मात्र अशा वेळी उजव्या हाताकडे पाहतात. पहिल्या वर्षात निरोगी बाळ दोन्ही हात जवळजवळ सारखेच वापरते. त्या वयात एकच हात पुढे येत असेल आणि दुसऱ्याची मूठ मिटलेली राहत असेल, तर तो डावखुरेपणा नसून उजव्या हाताची दुर्बलता असू शकते, आणि तिचे मूळ शरीराची उजवी बाजू चालवणाऱ्या, मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असू शकते.

अशी दुर्बलता सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूच्या पक्षाघाताची, खूण असू शकते. हा एकच एक आजार नव्हे. वाढत्या मेंदूला गर्भात, जन्मावेळी किंवा बाल्याच्या आरंभी झालेल्या इजेमुळे हालचालींत आणि शरीराच्या ठेवणीत निर्माण होणाऱ्या दोषांचा तो गट आहे. ही इजा पुढे वाढत नाही, तरी लक्षणे उशिरा उघड होतात, आणि घोटाळा होतो तो इथेच. हालचालींचे आदेश मेंदूकडून मज्जारज्जूकडे नेणारे मार्ग जन्मानंतरही दीर्घकाळ परिपक्व होत असतात. जे काम बाळाला अजून करायचेच नाही, त्यातली उणीव दिसणार तरी कशी?

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या दोषाचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. पुढे १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी (मनोविश्लेषणाआधी ते मज्जाविकारतज्ज्ञ होते) शंका काढली, की अवघड बाळंतपण हेच कधीकधी गर्भातल्या आधीच्या बिघाडाचे लक्षण असेल. नंतरच्या संशोधनाने त्यांच्या शंकेला बळ दिले. त्यामुळे ‘बाळ जन्मतः रडले नाही’ एवढ्यावर सारा दोष टाकता येत नाही; कमी दिवसांचा जन्म, गर्भातील संसर्ग, उपचाराविना वाढलेली तीव्र कावीळ अशी अनेक कारणे असतात.

घरच्यांना जाणवणाऱ्या खुणा बहुधा रोजच्या कामांतल्या असतात. लंगोट बदलताना मांड्या सहज फाकत नाहीत, उचलल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, दूध ओढताना बाळ वारंवार ठसकते, चार महिने उलटूनही मान धरत नाही, नऊ महिन्यांनंतरही आधाराविना बसत नाही. काही बाळे ताठ नसतात, उलट अगदी लुळी वाटतात. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल, तर वय मोजताना ते दोन महिने वजा करावेत. यातली एखादी खूण म्हणजे निदान नव्हे. पण ‘मुलगे उशिराच चालतात’ हे आजीचे सांत्वन तपासणीची जागा घेऊ शकत नाही, असे मला ठामपणे वाटते. तीन ते पाच महिन्यांच्या, उताण्या निजलेल्या बाळाच्या अंगभर चाललेल्या बारीक चुळबुळीचे चित्रण पाहून प्रशिक्षित तज्ज्ञ धोका बऱ्याच विश्वासाने ओळखतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत मुले तपासतात आणि गरजेनुसार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

झालेली इजा पुसता येत नाही, परंतु या वयातला मेंदू वापराप्रमाणे आपली जोडणी बदलतो. म्हणून एका बाजूच्या दुर्बलतेत फिजिओथेरपिस्ट कधीकधी बाळाच्या चांगल्या हातावर दिवसातून थोडा वेळ मऊ मोजा चढवतात आणि खुळखुळा दुसऱ्या हाताच्या टप्प्यात ठेवतात.