वेब अ‍ॅप प्ले स्टोअरवर न्यायला सगळा कोड पुन्हा लिहावा लागत नाही

वेब अ‍ॅपचं मोबाइल अ‍ॅप करायचं म्हणजे सगळं कोटलिनमध्ये (अँड्रॉइडच्या प्रोग्रॅमिंग भाषेत) पहिल्यापासून लिहा, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. अँड्रॉइडपुरतं तरी ते 2019 पासून खरं नाही. तेव्हा ट्रस्टेड वेब अ‍ॅक्टिव्हिटी आली, म्हणजे आपली साइट अ‍ॅपच्या आत पत्त्याच्या पट्टीशिवाय दाखवायची सोय. बबलरॅपसारखं साधन मॅनिफेस्ट (साइटचं नाव, आयकॉन वगैरे सांगणारी फाइल) वाचून तुमच्याच साइटचं पॅकेज बांधून देतं.

घोडं पेंड खातं ते अ‍ॅसेटलिंक्स फाइलपाशी; अ‍ॅप आणि साइट एकमेकांचीच आहेत, हे ती सांगते. तिच्यात फक्त आपल्या अपलोड कीचा (अ‍ॅप स्टोअरकडे पाठवताना आपण सही करतो त्या किल्लीचा) फिंगरप्रिंट, म्हणजे ओळखीचा कोड, टाकला, की स्टोअरवरून उतरवलेल्या अ‍ॅपच्या डोक्यावर ब्राउझरची पत्त्याची पट्टी दिसत राहते. हवा असतो प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपरांसाठीच्या गूगलच्या पानावर) दिसणारा, गूगल ज्या साइनिंग कीने अ‍ॅपवर सही करतं तिचा फिंगरप्रिंट.

वेळ खाते ती चाचणी. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला आधी किमान 12 जणांसह सलग 14 दिवस क्लोज्ड टेस्टिंग (निवडक लोकांपुरती चाचणी) करावं लागतं. अ‍ॅपल मात्र नुसती गुंडाळलेली साइट सहसा परत पाठवतं.