स्वयमवरच्या कोर्सचे क्रेडिट पदवीत कसे धरून घ्यायचे?

आपल्या कॉलेजात न शिकवला जाणारा विषय स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर शिकून त्याचे क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याबद्दल मिळणारे श्रेयांक, पदवीत जमा करता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय असे घेता येतात. खेड्यातल्या लहान कॉलेजांत विषयांची निवड मर्यादित असते. तिथल्या मुलामुलींनी तर ही सोय सोडूच नये.

कोर्सला नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि नोंदणी पाच मिनिटांत होते. म्हणूनच घाई होते. आधी विभागप्रमुखांना किंवा कॉलेजच्या स्वयम समन्वयकांना भेटा. हा कोर्स विद्यापीठाला चालतो का, कोणत्या विषयाच्या जागी धरणार आणि किती क्रेडिट देणार, हे लेखी घ्या. सत्र संपल्यावर नुसते प्रमाणपत्र घेऊन गेलात, तर परीक्षा विभाग ते स्वीकारेलच असे नाही.

दुसरे काम अपार आयडीचे, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेतल्या तुमच्या खात्याच्या १२ अंकी क्रमांकाचे. डिजिलॉकरवर आधारच्या मदतीने तो काढता येतो. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. आधार, कॉलेजची नोंद आणि स्वयमचे खाते या तिन्ही ठिकाणी नाव अक्षरशः सारखे हवे. कुठे वडिलांचे नाव मधे, कुठे आडनाव आधी असे असेल, तर परीक्षेआधीच दुरुस्त करून घ्या.

परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो. कोर्सला नाव घातले म्हणजे परीक्षेचीही नोंदणी झाली, असे समजू नका. त्या अर्जाला फोटो, सही आणि शुल्क लागते, आणि मुदतही वेगळी असते. परीक्षा ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यायची असते. स्वाध्यायांचे गुणही निकालात धरतात, त्यामुळे ते दर आठवड्याला वेळेत जमा करा.

निकालानंतर प्रमाणपत्र आणि सुरुवातीच्या परवानगीची प्रत कॉलेजात द्या. क्रेडिट खात्यात विद्यार्थ्याला स्वतः भरता येत नाही, ते संस्थाच भरते. जमा झालेले क्रेडिट साधारणपणे ७ वर्षांपर्यंत चालते, म्हणून मधे शिक्षण थांबले किंवा कॉलेज बदलले तरी ते वापरता येते. महिन्याभरात खात्यात नोंद दिसली नाही, तर परीक्षा विभागाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.