परदेशातून जुनं डेस्क मॉडेल विमान मागवताना कस्टम्सचे कागद कुठे अडतात

ट्रॅव्हल एजंटांच्या काउंटरवर आणि विमान कंपन्यांच्या साहेबांच्या टेबलांवर एकेकाळी जी मॉडेलं दिमाखात उभी असायची, ती आता संग्राहकांच्या हातून देशोदेशी फिरतात. कॉन्स्टेलेशन, डीसी-८, बोइंग ७०७, कॉनकॉर्ड. कुणी ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं, कुणी लाकडी, कुणी फायबरग्लासचं. त्यांच्या आयातीवर सहसा बंदी नसते. तरीही पार्सलं अडतात, दंड लागतो, कधी वस्तू परत जाते. कारण जवळजवळ नेहमी कागदावरच्या मजकुरात सापडतं. अधिकारी डबा नंतर उघडतो, घोषणापत्र आधी वाचतो. टपालाने येणाऱ्या मालाची माहिती तर २०२१ पासून पार्सल पोचण्याआधीच इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पाठवावी लागते. म्हणजे निर्णयाची सुरुवात झालेली असते तेव्हा वस्तू अजून वाटेतच असते.

कोण मागवू शकतं

स्वतःच्या संग्रहासाठी एखाददुसरं मॉडेल कुणीही मागवू शकतं, त्याला बहुतेक देशांत वेगळा आयात परवाना लागत नाही. मात्र दोन गोष्टी आधी पाहा. तुमच्या देशात वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर निर्बंध आहेत का, आणि एकाच विमानाची पाच-सहा मॉडेलं एकत्र मागवताय का. दुसऱ्या बाबतीत तुम्ही कितीही शपथा घ्या, समोरच्याला तो व्यापारच वाटणार.

नेहमीचे कागद

ओळखपत्र, पत्ता, तुमच्या देशात लागत असेल तो कर क्रमांक, बिल, पैसे दिल्याचा पुरावा आणि टपालाचं घोषणापत्र. किंमत ३०० एसडीआरपर्यंत (हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक) असेल तर सीएन २२, त्यापुढे सीएन २३. कुरिअरने मागवलं तर त्यांचा स्वतःचा फॉर्म असतो. हे सगळं सोपं. अडचण पुढे आहे.

वर्णनाचा रकाना

हा रकाना भरतो विक्रेता आणि त्रास होतो तुम्हाला. विक्रेता घाईत "जुनं विमान, १ नग" असं लिहून मोकळा होतो. टॅरिफच्या, म्हणजे कर ठरवण्यासाठी वस्तूंची क्रमांकवार विभागणी करणाऱ्या कस्टम्सच्या यादीच्या, ८८ व्या प्रकरणात खरी विमानं आणि त्यांचे भाग येतात, ड्रोनही तिथेच. आता समोरच्याला प्रश्न पडतो की हे उडतं का, यात मोटर आहे का, लिथियम बॅटरी आहे का. एका शब्दापायी पार्सल तपासणीच्या रांगेत जातं.

म्हणून पैसे पाठवतानाच विक्रेत्याला तयार मजकूर द्या. साधारण असा: "टेबलावर ठेवायचं विमानाचं स्केल मॉडेल, प्रमाण १:५०, ओतीव अ‍ॅल्युमिनियम, धातूच्या स्टँडसह. मोटर, बॅटरी, रिमोट नाही. वापरलेलं, १९६० च्या दशकातलं. प्रौढ संग्राहकांसाठी." लांब वाटेल, पण यातला प्रत्येक शब्द एकेका संभाव्य प्रश्नाचं उत्तर आहे.

"प्रौढ संग्राहकांसाठी" हे शब्द तर गाळूच नका. स्केल मॉडेलं टॅरिफमध्ये साधारणपणे ९५०३ या शीर्षकाखाली येतात आणि तिथेच खेळणीही आहेत. एकदा वस्तू खेळण्यांच्या शेजारी जाऊन बसली की कुणीतरी खेळण्यांच्या सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मागतोच. साठ वर्षांपूर्वी कार्यालयात ठेवायला बनवलेल्या मॉडेलला बालसुरक्षेचं प्रमाणपत्र कोण देणार? युरोपीय संघाच्या २००९ च्या खेळणी निर्देशात तपशीलवार स्केल मॉडेलांसारख्या संग्राहकांच्या वस्तू खेळणी मानल्या जात नाहीत, पण वस्तूवर किंवा वेष्टनावर ती १४ वर्षं व त्यावरील संग्राहकांसाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. अशी सूट तुमच्याकडेही असेल तर त्या नियमाचं कलम बिलावरच लिहून घ्या. अधिकाऱ्याने ते स्वतःहून शोधावं अशी अपेक्षा करणं म्हणजे निव्वळ आशावाद.

९५०३ शिवाय आणखी शीर्षकं पुढे येऊ शकतात. खास प्रशिक्षणासाठी बनवलेलं, आतली रचना दाखवणारं छेद मॉडेल ९०२३ मध्ये बसू शकतं. नुसती शोभेची वस्तू मानली तर धातूची ८३०६, लाकडी ४४२०, प्लॅस्टिकची ३९२६. दर वेगळे असतात, म्हणून वाद होतो. मोठं, महाग मॉडेल असेल तर आधीच लेखी निर्णय मागा. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २०१७ पासून लागू आहे आणि त्यात वर्गीकरण व मूळ देश यांबाबत असा आगाऊ निर्णय देण्याची तरतूद आहे. वेळ लागतो, पण असा निर्णय हातात असला की काउंटरवर हुज्जत घालावी लागत नाही.

जुनं आहे म्हणून सूट मिळते का

सर्वांत जास्त नकार इथे. विक्रेता जाहिरातीत "अँटिक" लिहितो, ग्राहक तेच घोषणापत्रावर उतरवतो आणि ९७०६ खाली सवलत मागतो. त्या शीर्षकाची अट एकच आहे आणि ती कठोर आहे: वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी हवी. डीसी-३ ने पहिलं उड्डाण केलं डिसेंबर १९३५ मध्ये. त्याचं डेस्क मॉडेल आज कितीही जीर्ण दिसलं तरी शंभरी गाठायला अवकाश आहे. ७०७ प्रवासी सेवेत आलं १९५८ मध्ये आणि कॉनकॉर्ड १९७६ मध्ये, त्यांचं तर बोलायलाच नको. असा दावा केला की सवलत मिळत नाहीच, वर खोटी माहिती दिल्याचा शेरा बसतो आणि पुढची पार्सलंही बारकाईने तपासली जातात.

दुसरा मार्ग ९७०५ चा, म्हणजे ऐतिहासिक महत्त्वाच्या संग्राह्य वस्तूंचा. इथे शंभर वर्षांची अट नाही, पण "मी संग्राहक आहे" एवढं सांगूनही भागत नाही. युरोपीय न्यायालयाने १९८५ च्या एका निकालात कसोट्या घालून दिल्या: वस्तू तुलनेने दुर्मीळ हवी, मूळ कामासाठी सहसा न वापरली जाणारी हवी, नेहमीच्या बाजाराबाहेर तिचे व्यवहार होत असावेत आणि किंमत मोठी असावी. शिवाय तिला ऐतिहासिक मोल असावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना विमानं ओळखायला शिकवण्यासाठी काळ्या रंगाची १:७२ ची मॉडेलं मोठ्या प्रमाणात बनवली गेली. इतिहास आहे, पण प्रती भरपूर आहेत, त्यामुळे दुर्मीळतेपाशी दावा लंगडा पडतो. एखाद्या कारखान्याने प्रत्यक्षात कधीच न बांधलेल्या विमानाच्या प्रस्तावासाठी केलेलं एकमेव मॉडेल असेल, तर जरूर प्रयत्न करा. सोबत संग्रहालयाचं किंवा जाणकार मूल्यांककाचं पत्र जोडा.

कुणाकडेच नसलेलं बिल

निवृत्त वैमानिकाच्या घरातून किंवा दुसऱ्या संग्राहकाकडून घेतलेल्या मॉडेलला बिल कुठून येणार? कस्टम्सला ते तरीही हवं असतं, कारण मूल्यांकनाचा आंतरराष्ट्रीय नियम "प्रत्यक्ष दिलेली किंवा देय किंमत" यापासून सुरू होतो. छापील बिल नसेल तर विक्रेत्याचं सही केलेलं पत्र चालू शकतं. त्यात दोघांची नावं-पत्ते, तारीख, वस्तूचं वर्णन, रक्कम आणि चलन हवं. पत्रासोबत बँकेची नोंद जोडा. दोन्हीतली रक्कम पैशापर्यंत जुळली पाहिजे. जाहिरातीचं पान विक्रीनंतर नाहीसं होतं, म्हणून त्याची प्रत व्यवहाराच्या दिवशीच काढून ठेवा. लिलावातून घेतलं असेल तर शेवटची बोली आणि लिलाव कंपनीचं कमिशन दोन्ही दाखवणारं मूळ बिलच द्या. नुसती बोलीची रक्कम दाखवली की बँकेची नोंद तिच्याशी जुळत नाही आणि संशयाला जागा होते.

अदलाबदलीत किंमत नसते, म्हणून लोक शून्य लिहितात. शून्य चालत नाही. भेट दिली तरी किंमत लिहावीच लागते. अलीकडच्या लिलावांत तशाच मॉडेलला काय भाव आला याचे दोन-तीन नमुने जोडा, नाहीतर अधिकारी स्वतः किंमत ठरवेल आणि ती तुम्हाला आवडणार नाही. काही प्रेमळ विक्रेते "तुमचा कर वाचवतो" म्हणत किंमत मुद्दाम कमी लिहितात. हात जोडून नको म्हणा. पकडलं तर दंड तुम्हाला, आणि वाटेत पंख मोडला तर विम्याचा दावा त्याच कमी किमतीवर. वाहतूक आणि विम्याचा खर्च करपात्र किमतीत धरायचा की नाही, हे देशागणिक बदलतं. तो बिलात वेगळा दाखवा, म्हणजे प्रश्न मिटला.

मूळ देशाच्या रकान्यात वस्तू जिथे बनली तो देश लिहायचा, जिथून पाठवली तो नव्हे. नेदरलँड्समध्ये बनलेलं मॉडेल अमेरिकेतून आलं तर मूळ देश नेदरलँड्सच. स्टँडच्या तळाशी निर्मात्याची चकती किंवा ठसा असतो, त्याचा फोटो जोडा.

लाकडी मॉडेल आणि स्टँड

इथे मात्र वस्तू कायमची जाऊ शकते. संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे साइट्स, लाकडालाही लागू होतो. मोठ्या पानांचं महोगनी त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, पण ती नोंद ओंडके, फळ्या, व्हेनिअर, प्लायवूड अशा मालापुरती. तयार मॉडेल तिच्यात येत नाही. शिसवाच्या, म्हणजे डालबर्जिया वंशातल्या बहुतेक प्रजाती २०१७ पासून त्याच परिशिष्टात आहेत आणि २०१९ पासून एका पार्सलमागे १० किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना सूट आहे. याच वंशातल्या ब्राझिलियन रोझवूडला मात्र ही सूट नाही, ते १९९२ पासून पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. जुन्या रुबाबदार स्टँडचं लाकूड नेमकं कोणतं, हे मागवण्याआधी विचारा.

ते ब्राझिलियन रोझवूड निघालं, तर वस्तू यादीपूर्वीची असल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते पाठवणाऱ्या देशातून, पार्सल निघण्याआधी घ्यायचं असतं. माल बंदरावर अडकल्यावर मागच्या तारखेने ते सहसा मिळत नाही. त्यासाठी १९९२ पूर्वीचा पुरावा हवा, आणि तोच कुणाकडे नसतो. मग शोधा: कंपनीचा तारीख असलेला कॅटलॉग, जुना फोटो, किंवा स्टँडवरच कोरलेली निरोपसमारंभाची पट्टी. "अमुक यांना, १९६४" अशी पट्टी कित्येकजण खरेदीनंतर काढून टाकतात. कृपा करून काढू नका. अधिकारी ती मानेलच असं नाही, पण तिच्याशिवाय हातात काहीच राहत नाही.

मुदतीचा घोळही इथेच होतो. साइट्सचा निर्यात परवाना दिल्या तारखेपासून सहा महिने चालतो, पहिल्या परिशिष्टातल्या वस्तूला लागणारा आयात परवाना बारा महिने. आयात परवान्यावरचं वर्ष पाहून लोक निवांत बसतात आणि निर्यात परवाना संपून जातो.

आणि खोका. जाड लाकडी खोक्यावर आयएसपीएम १५ चा ठसा हवा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये म्हणून त्यावर प्रक्रिया केल्याची आंतरराष्ट्रीय खूण. प्लायवूड आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड यातून सुटतं. विक्रेत्याने घरी फळ्या ठोकून खोका केला तर आतलं मॉडेल निर्दोष असूनही खोक्यापायी पार्सल अडेल. स्टँडमध्ये सिगारेट लायटर असेल तर त्यात इंधन शिल्लक नाही ना, तेही विचारून घ्या.

प्रदर्शनासाठी नेऊन परत आणताना

यासाठी एटीए कार्नेट घ्यावं, म्हणजे माल आयात कर न भरता तात्पुरता परदेशी नेऊन परत आणण्याचा दस्तऐवज. ते अधिकृत व्यापारी मंडळाकडून मिळतं. त्यावरची वस्तूंची यादी एकदा मंजूर झाली की तिच्यात एकही मॉडेल वाढवता येत नाही, आणि प्रदर्शनात विकायचा माल त्यावर नेऊ नये. कार्नेट जास्तीत जास्त एक वर्षासाठी मिळतं, पण प्रवेशाच्या वेळी तिथले कस्टम्स माल परत नेण्याची तारीख लिहितात आणि ती कार्नेटच्या मुदतीआधीची असू शकते. शिक्का मारल्याबरोबर काउंटरवरच ती तारीख वाचा. परत निघताना पुनर्निर्यातीचा शिक्का राहिला तर वस्तू तिथेच राहिली असं धरून कर मागितला जातो, मग ती तुमच्या कपाटात असली तरी.

नोटीस आली तर

फोनवर वाद घालू नका. कोणत्या शीर्षकाखाली, कोणत्या कारणाने अडवलं, हे लेखी मागा. उत्तराची मुदत नोटिशीच्या तारखेपासून मोजायची की ती हाती पडल्यापासून, हे नोटिशीतच शोधा, आणि स्पष्ट नसेल तर आधीची तारीख धरा. गोदामाचं भाडं तोवर चालूच असतं, तेव्हा रक्कम परवडणारी असेल तर लेखी हरकत नोंदवून पैसे भरता येतात का ते विचारा. काही ठिकाणी हरकत न नोंदवता पैसे भरले की अपिलाचा हक्क जातो. उत्तरासोबत सगळ्या बाजूंचे, तळाचे आणि निर्मात्याच्या ठशाचे फोटो द्या. विक्रेत्याचं मूळ पत्र स्वतःकडे ठेवून प्रत द्या, आणि ती दिल्याची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.