श्रमशक्तीच्या मोजणीत कोण आत, कोण बाहेर

जगातल्या देशांची श्रमशक्ती एका तक्त्यात मांडली, तर चीन पहिला येतो. तिथे ७७ कोटींच्या आसपास माणसे काम करतात किंवा काम शोधतात. भारत साधारण ६० कोटींवर दुसरा आणि अमेरिका बरीच मागे, जेमतेम १७ कोटींवर तिसरी. इंडोनेशिया १५ कोटींच्या आतबाहेर, ब्राझील ११ कोटींच्या जवळ, जपान ७ कोटींच्या आसपास. पाठ्यपुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत हा क्रम असाच असतो आणि तो चुकीचा नाही. पण क्रमाच्या पलीकडे जाऊन दोन देशांतला फरक सांगायचा झाला, तर प्रत्येक आकड्यामागे मोजणीचा कोणता नियम आहे हे आधी पाहावे लागते. तो नियम बदलला की भारताच्याच आकड्यात चार कोटींचा फरक पडतो. जर्मनीची सगळी श्रमशक्ती साधारण तेवढीच आहे.

हिशेब तीन संख्यांच्या गुणाकाराचा आहे: एकूण लोकसंख्या, त्यातला पंधरा वर्षांवरील लोकांचा वाटा आणि त्या लोकांपैकी किती टक्के श्रमबाजारात आहेत तो सहभाग दर. भारतात सुमारे १४५ कोटी लोक, त्यांपैकी पाऊण भाग पंधरा वर्षांवरचा, म्हणजे साधारण १०९ कोटी. इथपर्यंत मतभेदाला फारशी जागा नाही. पुढे केंद्र सरकारच्या पीएलएफएस या श्रमशक्ती सर्वेक्षणाचा जुलै २०२३ ते जून २०२४ मधला 'नेहमीच्या स्थिती'चा ६०.१ टक्के हा दर घेतला, तर उत्तर साडेपासष्ट कोटी येते. त्याच सर्वेक्षणाचा २०२४ चा साप्ताहिक दर ५६.२ टक्के आहे. तो घेतला तर उत्तर एकसष्ट कोटींच्या थोडे वर येते. दोन्ही आकडे सरकारी आणि दोन्ही बरोबर. त्यांच्यातला फरक समजून घ्यायला दिल्लीपर्यंत जायची गरज नाही, नाशिक जिल्ह्यातली निफाड-दिंडोरीची द्राक्षबाग पुरेशी आहे.

समजा, निफाड तालुक्यातली एक बाई आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड लागले की नोव्हेंबर-डिसेंबरात ती ४५ दिवस टोळीबरोबर थिनिंगला, म्हणजे घडांतले मणी विरळ करायला, जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये २० दिवस उन्हाळ कांद्याच्या काढणीला. उरलेले वर्ष ती घर सांभाळते. 'नेहमीची स्थिती' या पद्धतीत मागच्या ३६५ दिवसांचा विचार होतो. वर्षाचा मोठा भाग घरकामात गेला, म्हणून तिची मुख्य स्थिती श्रमशक्तीबाहेरची ठरते. पण याच पद्धतीत दुय्यम कामही मोजतात. वर्षभरात ३० दिवस किंवा अधिक काम झाले असेल तर माणूस कामगारांत धरला जातो. तिचे ६५ दिवस झाले आहेत, म्हणून ती आत येते. साप्ताहिक पद्धत मात्र फक्त मागचे सात दिवस पाहते. त्या सात दिवसांत कधीही एक तास काम केले असेल तर ती कामगार. काम केले नाही, पण शोधत होती किंवा मिळाले तर करायला तयार होती, तर बेरोजगार. दोन्ही नाही, तर श्रमशक्तीबाहेर. डिसेंबरात विचारले तर हीच बाई कामगार असते आणि जुलैत विचारले तर कुठेच नसते. वर्षभराच्या साप्ताहिक आकड्यात ती तिच्या हंगामापुरतीच मोजली जाते, नेहमीच्या स्थितीत मात्र पूर्ण एक माणूस म्हणून. अशा बायका लाखो नाहीत, कोट्यवधी आहेत.

आता तीच बाई मजूर नसून बागायतदाराची सून आहे असे समजा. टोळीला काम नेमून देणे, डिपिंगच्या, म्हणजे घड बुडवायच्या, द्रावणाकडे लक्ष ठेवणे, काढणीच्या दिवसांत क्रेट भरणे, मजुरांची हजेरी लिहिणे हे सगळे ती करते, पण मजुरी घेत नाही. सर्वेक्षणात याला २१ क्रमांकाचा कोड आहे: घरच्या व्यवसायातला बिनपगारी मदतनीस. या कोडमधली माणसे कामगारच धरली जातात. फक्त घरकाम करणाऱ्यांना ९२. घरकामाबरोबर सरपण, चारा, रानभाजी फुकट गोळा करणाऱ्यांना किंवा घरापुरते शिवणकाम करणाऱ्यांना ९३. ९२ आणि ९३ हे दोन्ही श्रमशक्तीबाहेरचे. म्हणजे एका बाईसाठी २१, ९२ आणि ९३ यांतला एक आकडा निवडायचा असतो आणि त्यावर ती देशाच्या श्रमशक्तीत आहे की नाही हे ठरते. प्रश्नाला उत्तर बहुधा घरातला दुसराच कुणी देतो, आणि ते उत्तर असते: "ती काही करत नाही, घरीच असते." प्रगणकाने तिथेच लिहून घेतले तर ९२ पडतो. त्याने पुढे विचारले, की क्रेट कोण भरते, गोठ्याचे कोण पाहते, खताचा हिशेब कोण ठेवते, तर २१ पडतो. मालेगावात घरच्या मागासाठी कांड्या भरणाऱ्या बायकांचेही असेच होते. माझ्या मते श्रमशक्तीच्या संपूर्ण आकडेवारीतली सर्वांत कच्ची जागा हीच आहे आणि आंतरराष्ट्रीय तुलनांत तिची चर्चा सर्वांत कमी होते.

हीच सून अमेरिकेतल्या शेतावर असती तर नियम आणखी वेगळा लागला असता. तिथे घरच्या शेतात किंवा व्यवसायात बिनपगारी काम करणाऱ्याने आठवड्यात किमान १५ तास काम केले असेल तरच तो रोजगारात धरला जातो. पगारी किंवा नफ्यासाठी काम असेल तर एक तास पुरतो. वयाची अट तिथे १६ वर्षांपासून, तुरुंगातली आणि सैन्यातली माणसे वगळून. दर महिन्याला सुमारे ६०,००० कुटुंबांची पाहणी होते आणि प्रश्न महिन्याची १२ तारीख ज्या आठवड्यात येते त्या आठवड्याबद्दल असतात. पाकिस्तानच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात वयाची अट दहा वर्षांची आहे. त्यामुळे पाकिस्तानचा राष्ट्रीय अहवाल आणि भारताचा राष्ट्रीय अहवाल शेजारी ठेवून काढलेली टक्केवारी पहिल्याच पायरीवर घसरते.

एका तासाची अट ऐकून अनेकांना राग येतो. आठवड्यात एक तास काम केले म्हणजे काय रोजगार झाला? तक्रार समजण्यासारखी आहे, पण ही अट भारताने काढलेली नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सांख्यिकीतज्ज्ञांच्या १९८२ च्या परिषदेतला हा ठराव आहे. देशाच्या उत्पादनात प्रत्येक तास मोजला जातो, तर तो करणारा माणूसही मोजला जावा, एवढाच त्यामागचा विचार. ही अट बदलली की काय होते ते नायजेरियाने दाखवले. आठवड्याला २० तासांपेक्षा कमी काम करणाऱ्याला तिथे बेरोजगार म्हणत. त्या हिशेबाने २०२० च्या शेवटच्या तिमाहीत बेरोजगारी ३३.३ टक्के होती. पुढे त्यांनी एक तासाची आंतरराष्ट्रीय अट स्वीकारली आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीत बेरोजगारी ४.१ टक्के निघाली. मधल्या काळात लेगोसच्या रस्त्यावर काही चमत्कार झाला नव्हता, व्याख्या बदलली होती.

२०१३ मध्ये याच तज्ज्ञ परिषदेने आणखी मोठा बदल केला. घरच्या खाण्यापुरते धान्य पिकवणे हे 'काम' आहे, पण 'रोजगार' नाही, असे नव्या ठरावात ठरले. रोजगार म्हणजे मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेले काम. रवांडाने ही व्याख्या लागू केली आणि पोटापुरती शेती करणारे असंख्य शेतकरी तिथल्या श्रमशक्तीच्या बाहेर गेले. भारत घरापुरते पिकवणाऱ्या शेतकऱ्याला अजूनही कामगारांत धरतो. नाशिकच्याच पेठ किंवा सुरगाणा तालुक्यात घरच्या खाण्यापुरती नागली आणि वरई पिकवणारे कुटुंब आपल्याकडे श्रमशक्तीत आहे, रवांडाच्या नियमाने नाही. आफ्रिकेतल्या देशांच्या जुन्या-नव्या मालिका जोडताना बहुतेकांची चूक इथेच होते.

चीन आणि भारताकडे वळू. चीनची लोकसंख्या आता भारतापेक्षा थोडी कमी आहे, तरी श्रमशक्ती जास्त. एक कारण वयोरचनेचे: चीनमध्ये पंधरा वर्षांखालची मुले कमी असल्याने मोठ्यांचा वाटा ८३ टक्क्यांच्या पुढे जातो. दुसरे आणि मोठे कारण बायकांचे. चिनी स्त्रियांचा सहभाग ६० टक्क्यांच्या आसपास आहे. भारतात नेहमीच्या स्थितीनुसार पुरुषांचा दर ७८.८ टक्के, स्त्रियांचा ४१.७. पंधरा वर्षांवरच्या सुमारे साडेत्रेपन्न कोटी भारतीय स्त्रियांचा दर ६० टक्के असता, तर श्रमशक्तीत जवळजवळ दहा कोटींची भर पडली असती आणि साडेपासष्ट कोटींचा आकडा पंचाहत्तर कोटींवर गेला असता, म्हणजे चीनच्या अगदी जवळ.

भारतीय स्त्रियांचा हाच दर २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. सहा वर्षांत इतकी वाढ कुठून आली? २०१७-१८ मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांत स्वयंरोजगारवाल्या ५१.९ टक्के होत्या, २०२३-२४ मध्ये त्या ६७.४ टक्के झाल्या. स्वयंरोजगारात स्वतःचा धंदा करणारीही येते आणि २१ कोडवाली मदतनीसही. नियमित पगारी नोकरीतल्या स्त्रियांचा वाटा याच काळात २१ वरून १५.९ टक्क्यांवर आला. म्हणजे वाढ मुख्यतः शेतात आणि घरच्या धंद्यात आहे. नाशिक शहरातल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बायकांची रीघ लागली, असा या आकड्याचा अर्थ काढता येत नाही. त्यातली किती वाढ नव्याने काम करणाऱ्यांची आणि किती आधीपासून राबणाऱ्या पण आता नीट नोंदल्या गेलेल्यांची, यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहे. माझा कल दुसरे कारण मोठे मानण्याकडे आहे. पण ही वाढ कागदी म्हणून झटकून टाकणेही चूक, कारण आधी न दिसलेले श्रम दिसू लागले हीच मोठी गोष्ट आहे.

माणसे फिरतात तेव्हा मोजणीचा दुसरा गुंता होतो. सुरगाणा, पेठ, हरसूलकडून टोळ्या द्राक्षपट्ट्यात येतात आणि बागेच्या कडेच्या शेडमध्ये हंगामभर राहतात. सर्वेक्षणात कुटुंबाचा सदस्य सहसा त्याच्या नेहमीच्या घरी मोजला जातो. त्यामुळे टोळीतला माणूस बागेत असतो आणि त्याची माहिती गावाकडे मागे राहिलेले सांगतात. देवळालीच्या लष्करी छावणीतल्या बराकी पाहणीत येत नाहीत, तिथली कुटुंबांची घरे येतात. देशांच्या पातळीवर हेच मोठ्या मापात दिसते. लक्झेंबर्गमध्ये काम करणारे दोन लाखांहून अधिक लोक रोज सकाळी फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून येतात. श्रमशक्ती राहत्या पत्त्यावर मोजली जाते, म्हणून ते लक्झेंबर्गच्या आकड्यात नाहीत. कतारमध्ये उलट. तिथली बहुसंख्य लोकसंख्या कामासाठी आलेल्या तरुण परदेशी पुरुषांची आहे, म्हणून सहभाग दर ८५ टक्क्यांच्या पुढे जातो. भारताच्या किंवा जपानच्या दराशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही.

जपानचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी पाहण्यासारखे आहे. तिथली लोकसंख्या २००८ पासून उतरणीला लागली. तरीही २०१२ मध्ये साडेसहा कोटींच्या किंचित वर असलेली श्रमशक्ती पुढच्या दशकात ६.९ कोटींच्या पुढे गेली, कारण बायका आणि पासष्टीपुढची माणसे कामावर आली. चीन आता त्याच वाटेने निघाला आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे निवृत्तीचे वय पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढत जाणार आहे: पुरुषांचे ६० वरून ६३, स्त्रियांचे कामाच्या प्रकारानुसार ५० वरून ५५ किंवा ५५ वरून ५८.

तुलना स्वतः करायची असेल तर राष्ट्रीय अहवाल शेजारी ठेवू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आयएलओस्टॅट या संकेतस्थळावर 'मॉडेल्ड एस्टिमेट्स' नावाची मालिका आहे. त्यात सगळ्या देशांसाठी वय १५ आणि पुढे असे एकच धरलेले असते आणि व्याख्येतले फरक शक्य तितके जुळवलेले असतात. जागतिक बँकेचे आकडेही तिथूनच येतात. मात्र ज्या देशात, ज्या वर्षी पाहणी झालीच नाही, तिथला आकडा गणिती अंदाजाने भरलेला असतो. म्हणून एका वर्षाच्या बारीक चढउतारावर विसंबू नये. भारतातली जुनी-नवी तुलना करताना जानेवारी २०२५ ही रेघ लक्षात ठेवावी. तेव्हापासून पाहणीची रचना बदलली, मासिक आकडे सुरू झाले आणि एका गावातून किंवा शहरी विभागातून ८ ऐवजी १२ कुटुंबे निवडली जाऊ लागली. एप्रिल २०२५ चा पहिला मासिक दर ५५.६ टक्के आला, पण तो साप्ताहिक पद्धतीचा आहे. त्याला २०२३-२४ च्या ६०.१ शेजारी ठेवून 'सहभाग घसरला' म्हणणे चूक.

डोकी मोजून झाल्यावर तास उरतात. नेदरलँड्समध्ये सहभाग भरपूर, पण अर्धवेळ कामाची पद्धत रुळलेली असल्याने आठवड्याची सरासरी ३२ तासांच्या आसपास आहे. भारतात ती पंचेचाळीस तासांच्या पुढे जाते. थिनिंगच्या दिवसांत सकाळी आठला बागेत शिरलेली टोळी संध्याकाळी बाहेर पडते. त्यातली प्रत्येक बाई आणि ॲमस्टरडॅममध्ये आठवड्याला दोन दिवस काम करणारी विद्यार्थिनी श्रमशक्तीच्या तक्त्यात सारख्याच, प्रत्येकी एक.