न्यूमोनिया रुग्णसेवेची गुणवत्तासुधारणा (बेळगाव सीमाभाग)

न्यूमोनियाचा रुग्ण दारात आल्यापासून घरी जाईपर्यंत ठरलेल्या गोष्टी ठरलेल्या वेळेत होतात का, हे मोजायचे आणि जिथे काम अडते तिथली पद्धत बदलायची, असा हा रुग्णालयीन उपक्रम आहे. लागणारी औषधे बहुतेक जुनी आणि स्वस्त आहेत. उशीर होतो तो आजार ओळखायला आणि पहिला डोस द्यायला.

जांबोटी-कणकुंबीकडचा लांबलचक पाऊस, चुलीच्या धुराने कोंदलेले घर, साखर हंगामात उसाच्या फडाकडेला खोपीत राहणारी पोरे, निपाणीकडची तंबाखू आणि विडी, असे इथले रुग्ण. त्यात भाषेची एक गाठ आहे. मराठी आई ‘बाळाला दम लागतोय’ म्हणते. कन्नडमध्ये ‘दम्मु’ हा शब्द दम्यासाठीही वापरतात. त्यामुळे केसपेपरवर दमा लिहिला जाऊन मूल थेट नेब्युलायझरवर (औषधाची वाफ देणाऱ्या यंत्रावर) जाऊ शकते. उपाय सोपा आहे: तक्रारीच्या शब्दाशेजारी श्वासांची संख्या आणि ऑक्सिजनची टक्केवारी लिहिल्याशिवाय पेपर पुढे सरकवायचा नाही. आकड्याला भाषांतर लागत नाही.

श्वास मोजताना मूल शांत हवे, आईच्या मांडीवर, अंगी वर करून. रडताना किंवा दूध पिताना मोजू नये. पूर्ण ६० सेकंद मोजावे. १५ सेकंद मोजून चारने गुणले तर एका श्वासाची चूक चारची होते, आणि निर्णय नेमका अशाच फरकावर असतो. मिनिटाला २ महिन्यांखाली ६०, २ ते ११ महिन्यांत ५० आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वसन. आई ‘पोट उडतंय’ म्हणाली तर छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का ते पाहावे. दूध न पिणे, झटके, सुस्ती किंवा ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली असेल तर भरती करावे. केंद्र सरकारची २०१९ची ‘सांस’ मोहीम याच ओळखीवर आणि वेळेत पुढे पाठवण्यावर भर देते.

प्रौढांत आजार किती गंभीर आहे ते ठरवायला कर्ब-६५ गुणांकन वापरतात: गोंधळलेली अवस्था, रक्तात वाढलेला युरिया, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, वरचा रक्तदाब ९०च्या खाली किंवा खालचा ६० वा कमी, आणि वय ६५ किंवा जास्त. प्रत्येकाला एक गुण. दोन झाले की भरतीचा विचार, तीन किंवा जास्त म्हणजे गंभीर. इथे एक नेहमीची चूक होते. परदेशी तक्त्यात ‘२०’ हा आकडा युरिया नायट्रोजनचा (युरियातल्या फक्त नायट्रोजनचा) असतो, तर आपल्याकडच्या लॅबचा रिपोर्ट बहुधा पूर्ण युरियाचा येतो. त्यासाठी मर्यादा साधारण ४२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरावी, नाहीतर ठणठणीत माणसालाही फुकटचा गुण मिळतो.

पहिल्या डोसची वेळ सुधारायची तर आधी चार वेळा लिहायच्या: आगमन, तपासणी, एक्स-रे, पहिले इंजेक्शन. वीस केसपेपर मांडले की वेळ कुठे जातो ते दिसते. बहुधा एक्स-रेच्या रांगेत, किंवा औषधाचा इंडेंट (मागणीची चिठ्ठी) वॉर्डातून फार्मसीत जाऊन परत येईपर्यंत. पहिला डोस कॅज्युअल्टीच्या (तातडीच्या विभागाच्या) ट्रेमध्येच ठेवला तर हा फेरा वाचतो. बदल आधी एका पाळीत आठवडाभर करून पाहावा. सरासरीऐवजी मध्यक (वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) मांडावा, कारण रात्रभर अडकलेला एकच रुग्ण सरासरी बिघडवतो. मात्र घड्याळाचा अतिरेकही नको. अमेरिकेत चार तासांचा मापदंड लावल्यावर न्यूमोनिया नसलेल्यांनाही घाईने प्रतिजैविके मिळू लागली. पुढे ती मर्यादा सहा तास करावी लागली. म्हणून चुकीच्या निदानांची संख्याही सोबत मोजावी.

औषध निवडताना क्षयरोगाची शंका विसरू नये. लेव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक क्षयावरही काही अंशी चालते, ताप तात्पुरता उतरतो आणि खरे निदान आठवडे लांबते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही क्षयाची तपासणी करावी. ४८ ते ७२ तासांनी इंजेक्शन चालू ठेवायचे की गोळीवर आणायचे, याचा निर्णय पेपरवर दिसला पाहिजे.

ऑक्सिजनचा हिशेब राऊंडच्या वेळीच करावा. ‘बी’ सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर असतात. मिनिटाला १० लिटरने तो अडीच तास पुरतो, काटा निम्म्यावर असेल तर सव्वा तास. साधा मास्क ५ लिटरपेक्षा कमी प्रवाहावर लावू नये, सोडलेलाच कार्बन डायऑक्साइड परत आत जातो. वर्षानुवर्षे विडी ओढून फुफ्फुसे खराब झालेल्या रुग्णात रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के पुरे. शंभर गाठायच्या नादात तो सुस्त पडू शकतो.

व्हेंटिलेटरवर असताना होणारा न्यूमोनिया टाळायला रुग्णाच्या पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवणे, दात ब्रशने घासणे आणि गुंगीचे औषध रोज थांबवून पाहणे हे निराळे पण याच यादीतले काम.

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असले तरी गोळ्यांच्या वेळा आणि ‘पुन्हा कधी यायचे’ एवढे तरी मराठीत लिहावे, आणि घरच्यांकडून उलट म्हणवून घ्यावे. पन्नाशीपुढच्या विडीवाल्याला सहा आठवड्यांनी एक्स-रेसाठी बोलवावे, कारण एक्स-रेवरच्या डागाखाली कर्करोग लपलेला असू शकतो. बाळाचे लसीकरण कार्डही तेव्हाच पाहावे: न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या एका जंतूवरच्या) लसीचे डोस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतात. चुकलेला डोस त्याच भेटीत द्यावा.