उन्हाळी, परमा की गरमी? तपासणीला येण्याआधी हे वाचा

आमच्या लॅबच्या काउंटरवर कुणीतरी इकडेतिकडे बघत हळूच सांगतं, "उन्हाळी लागलीय, लघवी तपासायचीय." बऱ्याचदा ती खरंच उन्हाळी असते, नाहीतर मूत्रमार्गाचा साधा संसर्ग. पण काहींचं दुखणं वेगळं असतं. ते सांगायचा संकोच वाटतो, म्हणून भलतीच तपासणी होते, रिपोर्ट चांगला येतो आणि आजार आहे तिथेच राहतो. ते होऊ नये म्हणून हे पत्रक छापलं आहे. घरी नेऊन शांतपणे वाचा.

लैंगिक संबंधातून लागणारे जिवाणूंचे मुख्य आजार तीन. परमा, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा गोनोरिया. गरमी किंवा उपदंश, म्हणजे सिफिलिस. आणि क्लॅमिडिया, ज्याला आपल्या बोलीत नावच नाही, कारण तो फारसा कुणाला जाणवतच नाही. तिन्ही औषधानं पूर्ण बरे होतात. गरमी हे नाव मात्र फसवं आहे. अंगातल्या उष्णतेशी तिचा काही संबंध नाही, आणि सब्जा किंवा गुलकंद खाऊन ती जात नाही.

आधी दिवस मोजा

संबंध आल्यापासून किती दिवसांनी त्रास सुरू झाला, हे डॉक्टरांना नक्की सांगा. परमा सहसा 2 ते 7 दिवसांत उठतो. क्लॅमिडियाला 1 ते 3 आठवडे लागतात. गरमीची जखम साधारण तीन आठवड्यांनी येते, पण ती 10 व्या दिवशीही येऊ शकते आणि 90 व्या दिवशीही. दिवसांवरून निदान होत नाही, पण कुठली तपासणी आधी करायची ते ठरवता येतं.

परम्यात पुरुषांना लघवी करताना चांगलीच आग होते आणि दाट, पिवळा किंवा हिरवट पू येतो. अंतर्वस्त्रावर डाग पडतात. त्यामुळे पुरुष लवकर तपासायला येतात. क्लॅमिडियात स्राव पातळ, पांढुरका असतो, तोही बहुधा सकाळी उठल्यावर थेंबभर, आणि जळजळ बेताची. पुस्तकात हा फरक असा स्पष्ट दिसतो. प्रत्यक्षात सौम्य परमा आणि जोरदार क्लॅमिडिया सारखेच दिसतात, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच वेळी असतात. म्हणून नुसता स्राव पाहून "हा अमुकच" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बायकांच्या बाबतीत तर रंगरूपावर जाताच येत नाही. क्लॅमिडिया झालेल्या दहापैकी साधारण सात बायकांना काहीच त्रास नसतो, आणि परमाही अनेकींत गुपचूप राहतो. असलाच तर दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, ओटीपोटात मंद दुखणं इतकंच. आणि नुकसान मात्र त्यांचंच जास्त होतं. संसर्ग वर सरकून गर्भनलिकांना सूज येते, त्या आतून चिकटतात, पुढे दिवस राहत नाहीत किंवा गर्भ नळीतच अडकतो. नवऱ्याला परमा किंवा क्लॅमिडिया निघाला आणि बायकोला "काही होत नाही" म्हणून तपासलंच नाही, हे आम्ही पाहतो तेव्हा फार वाईट वाटतं.

उलट बाजूही सांगायला हवी. अंगावरून पांढरं जातंय म्हणजे हाच आजार, असं मुळीच नाही. दह्यासारखा घट्ट, खाज सुटणारा स्राव बहुधा बुरशीचा असतो. तिथे संशय धरून घरात भांडणं करू नका. तसंच तरुण मुलं "धातू जातो" म्हणून घाबरून येतात, तो परमा नव्हे.

न दुखणारी जखम

या पत्रकातलं एकच काही लक्षात राहणार असेल, तर ही जखम राहू द्या.

गरमीची पहिली खूण म्हणजे लिंगावर, योनीच्या तोंडाशी, गुदाजवळ किंवा ओठावर आलेली बहुधा एकच जखम. स्वच्छ, गोल, बोटाला बुडाशी कडक लागणारी, आणि न दुखणारी. जांघेत अवधाण येतं, तेही दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, किंवा मेडिकलमधून मलम आणून लावतो. 3 ते 6 आठवड्यांत जखम आपोआप भरते. मलमाला गुण आला असं वाटतं, पण मलम लावलं नसतं तरी ती भरलीच असती. जंतू रक्तात गेलेले असतात. बायकांत ही जखम आत गर्भाशयाच्या तोंडावर असली, तर कधी आली आणि कधी गेली तेही कळत नाही.

पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत अंगावर न खाजणारं पुरळ येतं, आणि तळहात व तळपायांवर तांबूस डाग उठतात. इतर आजारांत तळहातावर सहसा पुरळ येत नाही, म्हणून ही मोठी खूण आहे. सोबत बारीक ताप, घसा दुखणं, डोक्यावरचे केस ठिकठिकाणी गळणं, गुप्तांगाजवळ ओलसर चपटे उंचवटे. हेही आपोआप जातं. मग अनेक वर्षं शांतता. उपचार न झालेल्यांपैकी काहींमध्ये 10 ते 30 वर्षांनी हृदयाजवळची महारोहिणी (शरीरातली मुख्य रक्तवाहिनी) किंवा मेंदू बिघडतो. डोळे आणि कानांवर तर कुठल्याही टप्प्यावर परिणाम होऊ शकतो.

जखम दुखत असेल तर विचार वेगळा. पुंजक्यानं आलेले बारीक, पाण्यानं भरलेले, झोंबणारे फोड म्हणजे बहुधा हर्पीस. तो विषाणूचा आजार, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मऊ, फाटक्या कडांची, पू असलेली दुखरी जखम शॅंक्रॉइड नावाच्या आजाराची असू शकते, पण ती आता क्वचितच दिसते. न दुखणारी, लालभडक, हात लागताच रक्त येणारी आणि हळूहळू पसरणारी जखम डोनोव्हॅनोसिस नावाच्या आजाराची. त्यातले जंतू 1905 साली चार्ल्स डोनोव्हॅन यांनी आपल्याच देशात, मद्रासला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते.

नमुना देताना

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गासाठी आम्ही "सुरुवातीची लघवी सोडून मधली धरा" असं सांगतो. परमा आणि क्लॅमिडियाच्या पीसीआरला (जंतूंची जनुकं शोधणाऱ्या तपासणीला) याच्या नेमकं उलट: सुरुवातीचीच लघवी, 20 ते 30 मिली, आणि त्याआधी किमान एक तास लघवीला गेलेलं नसावं. जंतू मूत्रमार्गाच्या तोंडाशी असतात; पहिली धार सोडली की तेच वाहून जातात. बायकांसाठी लघवीपेक्षा योनीतला स्वॅब चांगला. तो कसा घ्यायचा हे आमच्या ताई समजावून सांगतील, तुम्ही पडद्याआड स्वतः घेऊ शकता.

तुमच्या जुन्या रिपोर्टवर पस सेल्स (पू-पेशी) भरपूर आणि कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, "नो ग्रोथ" असं असेल, तर ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. क्लॅमिडिया पेशींच्या आतच वाढतो, त्यामुळे साध्या कल्चरमध्ये तो कधीच उगवत नाही. परम्याच्या जंतूलाही वेगळं माध्यम लागतं. कारणं इतरही असतात, पण हे दोघे त्यातले महत्त्वाचे.

पुरुषाला पू येत असेल तर सकाळी लघवी न करता या. काचपट्टीवर पुसून रंग दिला की परम्याचे जंतू पेशींच्या आत गुलाबी जोड्यांत दिसतात, घेवड्याच्या दोन बिया समोरासमोर ठेवाव्यात तसे. रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. बायकांत मात्र काचपट्टीवर निम्म्याच केसेस सापडतात, म्हणून त्यांच्यासाठी पीसीआरचा आग्रह धरतो. तो नमुना आम्ही बाहेर पाठवतो, दोन-तीन दिवस लागतात. कुठलीही अँटिबायोटिक गोळी आधीच घेतली असेल तर कृपया लपवू नका. एका गोळीनंही निकाल फिरतो.

गरमीसाठी रक्ताची व्हीडीआरएल करतो. तिच्याबद्दल तीन गोष्टी. जखम नुकतीच आली असेल तर ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून दोन-चार आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. गरोदरपण, मलेरिया, कुष्ठरोग, काही संधिवाताचे आजार यांत ती गरमी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून टीपीएचए (गरमीची खात्री करणारी रक्ताची दुसरी तपासणी) केल्याशिवाय जोडीदारावर आरोप करू नका. आणि टीपीएचए बरं झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते, म्हणून उपचार लागू पडले की नाही ते व्हीडीआरएलच्या आकड्यावरून पाहायचं. 1:32 वरून 1:8 किंवा त्याखाली आला, म्हणजे किमान चौपट उतरला, तर गुण आला. ही फेरतपासणी एकाच लॅबमध्ये करा, मग ती आमची असो वा दुसरी.

दिवस गेलेल्या प्रत्येक बाईची व्हीडीआरएल पहिल्याच भेटीत व्हावी, असं आमचं कळकळीचं सांगणं आहे. आईला गरमी असेल तर बाळ पोटातच दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्मतं, आणि वेळेवर दिलेलं पेनिसिलिन दोघांनाही वाचवतं.

औषधाबद्दल थोडंसं

औषध डॉक्टरच देतील. सुरुवातीच्या गरमीला बेन्झाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन पुरतं, जुनीला आठवड्याच्या अंतरानं तीन. इंजेक्शनच्या दिवशी ताप आणि अंगदुखी झाली तर बहुतेक वेळा ती जंतू मरण्याची प्रतिक्रिया असते. डॉक्टरांना कळवा, पण पुढचे डोस बंद करू नका. परम्याला आता सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन देतात. पूर्वी चालणारी सिप्रोफ्लोक्सासिन बहुतेक ठिकाणी निकामी झाली आहे, तरी लोक अजून तीच आणून घेतात. क्लॅमिडियाला डॉक्सिसायक्लिन सात दिवस, गरोदर बायकांना दुसरं औषध.

जोडीदाराचे उपचार बरोबरच व्हायला हवेत. ते संपून सात दिवस होईपर्यंत संबंध नको. परमा आणि क्लॅमिडियाची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करा, कारण हे आजार परत लागतात. एचआयव्हीची तपासणीही करून घ्या. जखम किंवा सूज असताना तो जास्त सहज शिरतो. ही तपासणी तुमच्या संमतीशिवाय कुणी करणार नाही.

खर्चाची अडचण असेल तर आमच्याकडे येण्याआधी जिल्हा रुग्णालयातल्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जा. तिथे तपासणी आणि औषधं मोफत आहेत. 1097 या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येतं.

आमच्याकडे येताना काउंटरवर आजाराचं नाव घ्यायची गरज नाही. "पत्रक वाचून आलोय" एवढं म्हणा, आम्ही आतल्या खोलीत बोलू. रिपोर्ट बंद पाकिटात, फक्त तुमच्याच हातात मिळेल. घरचं कुणी न्यायला आलं तरी तुमच्या परवानगीशिवाय देणार नाही. काचपट्टीसाठी सकाळी दहाच्या आत या, आणि घरून निघताना लघवीला जाऊ नका.